मिरगाच्या ओळीचा अर्थ

खापरखेडा
१२ डिसेंबर २०२४

अंजूताईंना सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. तुमच्या गाण्याच्या व्हिडिओखाली ‘नादवेल ऑर्केस्ट्रा, तांडापेठ, नागपूर’ एवढं लिहिलेलं होतं, त्याच पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन घरात सगळे बघतात, म्हणून.

आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गेल्या वर्षभरात तुमच्या मिरगाच्या गाण्याशिवाय एकही हळद झाली नाही. म्हाताऱ्यासुद्धा नाचतात. पण नाचून झालं की अर्थावरून वाद होतात. वाद या चार ओळींवरच असतो:

मिरग आला, मिरग आला, सांगे साऱ्या गावाले,
थेंब नाही पडला तरी भिजवलं माह्या नावाले.
पाळी त्याची फाटकी गा, बोली त्याची साखर,
एका तव्यावर भाजतो तो दोन घरची भाकर.

शेजारी वेदिकाताई आहेत, शिवणाचा क्लास घेतात. त्यांचं म्हणणं, नवरदेव शेतकरी आहे. मृग लागायच्या आधी वखरानं शेताला पाळी देतात, ती त्यानं लग्नाच्या घाईत अर्धवट दिली. दवाखान्यातल्या नर्सबाई ‘पाळी’ हा शब्द आला की पदर तोंडाला लावतात आणि गाणं चावट आहे म्हणतात. दोन घरची भाकर म्हणजे सासर आणि माहेर, इतपत मात्र सगळ्यांना मान्य आहे.

माझ्या मिस्टरांना हे गाणं सहन होत नाही. गेल्या महिन्यात माझ्या नणंदेची, पायलची हळद होती. पाळीची ओळ आली आणि त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला. मग उठून त्यांनी डीजेची वायरच उपटली. घाणेरडं गाणं आहे म्हणाले.

घाणेरडं काय आहे त्यात? तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच सांगा. उत्तर वेदिकाताईंच्या पत्त्यावर पाठवा, खाली दिला आहे.

तुमची
सौ. काजल

*

तांडापेठ, नागपूर
१९ डिसेंबर २०२४

काजल,

तुहं पत्र आलं. पोस्टमननं लिफाफा दिला तं बाबाले वाटलं कोर्टाची नोटीस आली. मी बोलते तशीच लिहिते, शाळेतल्यासारखं शुद्ध मले जमत नाही. तू बी तशीच लिहीजो.

अर्थ विचारते तं ऐक. मिरग म्हणजे मिरग. पाळी म्हणजे शेताची पाळी. तुह्या वेदिकाताईले शंभरपैकी शंभर. झालं समाधान?

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तुह्या मिस्टरचा हात कोणत्या कानावर गेला? उजव्या का? त्या कानाची पाळी खालून चिरलेली आहे का? अन् ते मूळचे उमरेडचे आहेत का? नाव नको लिहू. नुसतं हाव का नाही ते लिही.

अन् एक गंमत करून पाय. घरी काम करता करता ती पहिली ओळ गुणगुणजो, पण ‘मिरग’च्या ‘ग’ले वेलांटी लावून. मिरगी आली, मिरगी आली, सांगे साऱ्या गावाले. मिस्टर समोर बसले असतील तेव्हाच म्हणजो. सासू असली तं अजून चांगलं. मग काय झालं ते मले सारं लिहून पाठव, एक शब्द सोडू नको.

अंजू धकाते

*

खापरखेडा
४ जानेवारी २०२५

अंजूताई,

हो. उजवा कान. लहानपणी कानात बाळी होती, ती म्हशीच्या दाव्यात अडकून पाळी चिरली, असं सासूबाई सांगतात. आणि हो, उमरेडचे.

तुम्ही सांगितलं तसं केलं. ते जेवत होते, सासूबाई शेजारी बसून वरण वाढत होत्या. मी पोळी लाटता लाटता म्हटलं, मिरगी आली, मिरगी आली. त्यांचा घास हातातच राहिला.

“कोणी शिकवलं तुले हे?”

मी म्हटलं, “गाणंच आहे तसं. सगळेच म्हणतात.”

“सगळे मिरग म्हणतात. तू काय म्हटलं?”

सासूबाईंनी वरणाचं भांडं खाली आपटलं. म्हणाल्या, “जिले फिट येते त्या बाईचं गाणं माह्या घरात नाही पाहिजे!” मी साधेपणानं विचारलं, “कोणाले फिट येते, आई? गाणाऱ्या बाईले? तुमाले कसं माहीत?” मग मिस्टरांनी उठून माझा फोन भिंतीवर आपटला. काच पिठात पडली. ते पीठ मला फेकून द्यावं लागलं.

आता मला गंमत नको, ताई. खरं काय ते लिहा. तुमचा आणि माझ्या नवऱ्याचा काय संबंध?

काजल

*

तांडापेठ
१० जानेवारी २०२५

काजल,

लिहिते. वाचून तुले वाईट वाटलं तं वाटू दे. माह्या वेळेस कोणी विचार नव्हता केला मले काय वाटन म्हणून.

तुहा नवरा वैभव सोनकुसरे, रुख्माबाईचा मुलगा. सहा वर्षांपहिले त्याचं अन् माहं साक्षगंध झालं होतं. एप्रिल महिना, ऊन असं की मांडवातले पंखे गरम हवा फेकत होते. मी सकाळपासून उपाशी होती. अंगठी घालता घालता डोळ्यापुढं अंधारी आली अन् मी खाली बसली. बस. दोन मिनिटं. वैभवनंच तोंडावर पाणी शिंपडलं. वरून हसून म्हणे, “आतापासून पाया पडते का?” सारा मांडव हसला.

मग त्याले वीज केंद्रात पक्की नोकरी लागली. मे महिन्याच्या आठ तारखेले माही हळद. आंगाले हळद लागलेली, काकू-मावश्या गाऊन राहिल्या, अन् उमरेडहून त्याचे दोन काका आले. घरात नाही आले. गल्लीत उभे राहून मोठ्यानं म्हणे, “तुमच्या पोरीले मिरगी आहे. तुम्ही आमच्यापासून लपवलं. लग्न होत नाही.”

माहे बाबा ईश्वरदास, आयुष्यभर मागावर लुगडी विणली त्यांनी, कोणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. ते डॉक्टरले सोबत घेऊन उमरेडले गेले. रुख्माबाईनं दार उघडलं नाही. वैभव वरच्या खिडकीत उभा होता. त्यानं बाबाले पाहिलं अन् खिडकी लावून घेतली.

मी हळद धुतली तं नळाखालचं पाणी पिवळं पिवळं मोरीत जाऊन राहिलं होतं. बाकी काही आठवत नाही त्या दिवसाचं. पुढं जे जे पाहायले आले त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, फिट येते का? नंतर येणंच बंद झालं.

म्हणून गाणं केलं. मिरग नाही, मिरगी. थेंब नाही पडला तरी त्यानं गावभर सांगितलं अन् माहं नाव भिजवलं. पाळी शेताची नाही, त्याच्या कानाची. शेवटच्या ओळीचा माह्यापाशी पुरावा नाही. पण साक्षगंध माह्यासंग झालं तवाच दुसरीकडे बोलणी चालू होती, असं मले तेव्हापासून वाटते.

नाव मुद्दाम नाही टाकलं. नाव टाकलं असतं तं एकदाच भांडण झालं असतं अन् मिटलं असतं. मले ते नको होतं. मले पाहिजे होतं की त्यानं ज्या लग्नात जावं तिथं हे गाणं लागावं, लोकांनी नाचावं, अन् त्यानं एकट्यानं कान धरून बसावं. जन्मभर. तुहं पहिलं पत्र वाचलं त्या दिवशी मी गोड शिरा केला होता.

आता तुले कळलं. आता त्याच्या ताटात रोज हे वाढ.

अंजू

*

पारशिवनी
२ फेब्रुवारी २०२५

अंजूताई,

पत्ता बदललाय, पाहून घेजा. मी माहेरी आहे. त्यांनी आणून सोडलं. वडिलांना म्हणाले, “तुमची मुलगी आता तुम्हीच सांभाळा, तिचं डोकं ठिकाणावर नाही.”

आता मी बी खरं लिहिते. मले सगळं आधीपासून माहीत होतं.

पायलच्या हळदीत यांनी वायर उपटली तेव्हा सासूबाई बाजूच्या बाईला बोलून गेल्या, “मेली ती तांडापेठची मिरगीवाली, अजून पिच्छा सोडत नाही.” त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. मग मी ते गाणं रोज ऐकलं, घरी कोणी नसताना. एकेक ओळ उकलत गेली. तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा फक्त एकच पाहायचं होतं, तुमचा राग अजून जिवंत आहे का. आहे, हे पहिल्याच उत्तरात कळलं.

तुमच्या शेवटच्या ओळीचा पुरावा मी आहे, ताई. ते मला पाहायला पारशिवनीला आले ती तारीख आईला पक्की आठवते, कारण त्या दिवशी रामनवमी होती. तुमच्या हळदीच्या आधीची रामनवमी. आमच्या घरी पोहे खाल्ले, चहा घेतला, माझ्या वडिलांनी विचारलं, दुसरीकडे कुठं बोलणी आहे का? रुख्माबाई म्हणाल्या, “नाही हो, हेच पहिलं घर.”

आता माझी पाळी आली आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. मी म्हटलं, दोघांनी तपासून घेऊ. त्यांना ते झोंबलं. तेव्हापासून कॉलनीत सांगत सुटले, हिचं डोकं फिरलं, गॅस चालू ठेवून झोपते, एकटीच बोलते. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बाईला काही झालेलं नाही. तर म्हणे डॉक्टरच बेकार. ज्या बायका लेकरं माझ्याजवळ ठेवून बाजारात जायच्या, त्या आता मी त्यांच्या घरी गेली की हळूच उठून गॅसचं बटण पाहून येतात.

तुम्हाला मिरगी, मला वेड. माणूस तोच, रीत तीच.

तेवीस फेब्रुवारीला नागपुरात समाजाचा परिचय मेळावा आहे. तिथं ते दुसरी मुलगी पाहणार आहेत. वेदिकाताईंनी कळवलं. मला वडील जाऊ देत नाहीत, म्हणतात अजून तमाशा नको. तुम्ही या. गाऊ नका. नुसतं उभं राहून साध्या शब्दांत सांगा की याच माणसानं तुमच्याबद्दल काय पसरवलं होतं. माझं कोणी ऐकणार नाही. वेडीचं कोण ऐकते?

फोन करू म्हणाल तर भावाचा आहे. पण फोनवर मला रडू येते, कागदावर येत नाही.

काजल

*

तांडापेठ
९ फेब्रुवारी २०२५

काजल,

म्हणजे तू मले खेळवलं. मले वाटून राहिलं होतं मी तुह्या हातून त्याले डागणी देऊन राहिली, अन् तू दोन महिने बसून माह्या रागाची धार पाहून राहिली होती. ‘घाणेरडं काय आहे त्यात?’ कसं बाप्पा साळसूद लिहिलं!

मी रात-रात जागून जे कोणाले सांगितलं नाही ते तुले लिहिलं. तुले ते पहिलेच माहीत होतं.

त्या मेळाव्यात ऑर्केस्ट्रा आमचाच आहे, सुपारी डिसेंबरातच घेतली. येईन, गाईन, अन् निघून जाईन. तुह्यासाठी बोलणार नाही. माहा सूड माहा आहे, तो तुले उसना देत नाही.

पत्र नको लिहू.

अंजू

*

तांडापेठ
२५ फेब्रुवारी २०२५

काजल,

पत्र नको लिहू म्हटलं अन् मीच लिहून राहिली. बाहेरून ऐकशीन त्याच्या पहिले माह्याकडून ऐक.

मी काही ठरवून नव्हती गेली. पडद्यामागं माईकच्या वायरी लावून राहिलो होतो, अन् समोर मंचावर एकेक मुलगा-मुलगी येऊन माहिती सांगून राहिले होते. वैभव आला. निळा कोट, केस रंगवलेले. माहिती रुख्माबाईनं लिहून दिली होती, निवेदकानं वाचली: “शिक्षण डिप्लोमा, वीज केंद्रात कायम नोकरी. पहिली पत्नी मानसिक रुग्ण, फारकतीचं चालू आहे.”

मानसिक रुग्ण. काजल, तुह्यावरचा राग माहा तेव्हाही होता, थोडा अजूनही आहे. पण तो माणूस तसाच हात जोडून उभा होता, चेहऱ्यावर बिचारेपणा, अन् समोरच्या बायका ‘अरेरे’ करून राहिल्या होत्या. माह्या वेळेस बी अशाच ‘अरेरे’ केल्या असतील, उमरेडमंदी, त्याच्यासाठी.

जेवणाच्या आधी लोकांनी मिरगाचं गाणं मागितलं. सुरू केलं. पोट्टे-पोट्ट्या खुर्च्या सरकवून नाचायले लागले. दोन ओळी झाल्या अन् मी कीबोर्डवाल्याले हात केला. थांब.

माईकवर म्हटलं, “रोज नाचता ह्याच्यावर. आज अर्थ सांगा बरं. मिरग आला म्हणजे काय?”

कोणी ओरडलं, “पाणी!” एक आजोबा म्हणे, “पेरणीची घाई!” सारे हसले.

मी म्हटलं, “ग-ले वेलांटी लावा. आता म्हणा.”

हसू थांबलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं हळू आवाजात म्हटलं, “मिरगी?”

“हाव. मिरगी. मले मिरगी आहे असं सांगून माह्या हळदीच्या दिवशी लग्न मोडलं एकानं. उपाशीपोटी चक्कर आली होती, त्यानंच पाणी शिंपडलं होतं, म्हणजे त्याले खरं माहीत होतं. अन् पाळी म्हणता ना शेताची? ती कानाची आहे. नाव मी घेत नाही. ज्याची आहे तो हात लावून पाहीन.”

देवाची शपथ, काजल, तो तिसऱ्या रांगेत बसला होता अन् त्याचा हात गेला. उजव्या कानावर. त्याले कळलं तेव्हा उशीर झाला होता. सारी रांग वळून त्याच्याकडे पाहून राहिली होती. हात खाली घेतला तं फाटकी पाळी दिसे, वर ठेवला तं चोर दिसे.

रुख्माबाई उभी राहून ओरडली, “खोटी आहे! हिले फिट येते! पाहा, आता पडन इथंच!”

मी म्हटलं, “काकू, सहा वर्षांपासून ह्याच दिव्यांखाली चार-चार तास उभी राहून गाते. कोणी पाहिलं मले पडताना?” मागून आमचा ढोलकवाला म्हणे, “हमने तो नही देखा, भाई.”

मग तुहं सांगितलं. तू म्हटलं होतं तसं, साध्या शब्दांत. रामनवमीले पारशिवनीत पोहे खाल्ले, मे महिन्यात माही हळद मोडली, अन् आता पारशिवनीच्या पोरीले वेडी म्हणून नवी पाहून राहिला. डॉक्टरनं तिले काही नाही म्हटलं, हे बी सांगितलं.

रितिका म्हणून एक पोरगी होती, तिच्यासंग त्याची बोलणी जवळजवळ ठरली होती. तिची आई उठली, रुख्माबाईच्या हातातून पोरीचा फोटो काढून घेतला अन् पर्समंदी टाकला.

पुढं गाणं मी पुरं केलं. कोणी नाचलं नाही. उभे राहून ऐकलं.

मले भल्लं बरं वाटलं. खोटं कायले लिहू. घरी येऊन दोन ताटं जेवली.

अंजू

*

पारशिवनी
१७ मार्च २०२५

अंजूताई,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. वडील दाराआड उभं राहून ऐकत होते. संध्याकाळी म्हणाले, “मीच घेऊन गेलो असतो तुला त्या दिवशी, तर बरं झालं असतं.” एवढंच.

परवा मिस्टर आणि सासूबाई आले, सोबत समाजाचे दोन मोठे लोक. कोणी मुलगी द्यायला तयार नाही. ड्युटीवर गेले की पोट्टे पाठीमागून त्या गाण्याची शिट्टी वाजवतात म्हणे. पायलच्या सासरीही विचारणा झाली. आता म्हणतात, झालं गेलं विसर, घरी चल. सून घरात दिसली की लोकांची तोंडं बंद होतील. आणि तुमच्याकडून एक व्हिडिओ पाहिजे त्यांना, ‘पाळी म्हणजे शेताचीच’ असं सांगणारा.

मी म्हटलं, “व्हिडिओचं त्यांना विचारा, तांडापेठेत जाऊन. माझं म्हणाल तर समाज भवनात, माईकवर, सगळ्यांसमोर सांगा. अंजूला मिरगी नव्हती, काजल वेडी नाही, दोन्ही मी खोटं पसरवलं. मग मी विचार करीन.”

ते दोन दिवसांनी कळवतो म्हणाले. सासूबाई जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी नंतर डोकं धुतलं.

काजल

*

तांडापेठ
३० मार्च २०२५

काजल,

आला होता. काल, दुपारच्या उन्हात.

दार बाबानं उघडलं. वैभव चप्पल काढून आत येऊन राहिला होता तं बाबा म्हणे, “आत नको. तुमचे लोक गल्लीतच बोलून गेले होते, तू बी गल्लीतच बोल.” अन् स्वतः स्टूल आणून रस्त्याच्या मधोमध ठेवलं. बस म्हणे. बसला बिचारा, घाम पुसत. अर्ध्या गल्लीच्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

मले म्हणे, “अंजू, एवढं एक सांगून दे. पाळी म्हणजे शेताची. तुहं काय जाते?”

मी म्हटलं, “ते आता माह्या हातात नाही राहिलं. लोकाईचं झालं. लोकाईले सांग.”

“माह्या आईचं बाहेर निघणं बंद झालं.”

बाबा आजवर कोणाले टाकून बोलले नाहीत. पण ते त्याच्या कानाजवळ वाकून म्हणे, “माही पोरगी पडली तवा पाणी तूच शिंपडलं होतं. मी तिथंच उभा होतो. वरच्या खिडकीतून मले पाहिलं तेव्हा बी तूच होता. बाकीच्याईनं ऐकून म्हटलं असन. तुले माहीत होतं.”

त्यानं मान नाही उचलली. माईकवर बोलायचं ते तुहं म्हणणं आहे, मी त्यात पडत नाही, असं त्याले सांगितलं. उठून गेला. स्टूल गल्लीतच होतं, लेकरं त्याच्यावर चढून खेळत होती.

एक विचारते. तो बोललाच माईकवर, तं तू जाशीन का त्याच्या घरी? मी जा बी म्हणत नाही, नको बी म्हणत नाही. नुसतं विचारते.

अंजू

*

पारशिवनी
२२ एप्रिल २०२५

अंजूताई,

रविवारी तुमचा भंडाऱ्याला कार्यक्रम होता, म्हणून तुम्ही समाज भवनात नव्हता. तुमचे बाबा होते, पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. वडिलांनी त्यांना नमस्कार केला, दोघं शेजारी बसले.

भवन भरलेलं होतं. लग्नाला येत नाहीत ते लोकही आले होते. मिस्टर मंचावर गेले, माईक हातात घेतला आणि एकदम काहीतरी पुटपुटले. अध्यक्ष म्हणाले, “मोठ्यानं. मागं ऐकू येत नाही.” पुन्हा बोलले. मागून एक बाई ओरडली, “नाव घेऊन सांगा!” तिसऱ्यांदा नीट सांगावं लागलं. “अंजू धकाते हिले मिरगी नव्हती. माही बायको काजल वेडी नाही. हे मी खोटं सांगितलं होतं.” आवाज फाटला होता. तुमच्या बाबांनी डोळे मिटून घेतले होते. हसले नाहीत, रडले नाहीत, नुसते ऐकत होते.

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला फार आनंद होईल. झाला पण. त्यांच्या कपाळावरून घाम गालावर येताना मी डोळे भरून पाहिलं. सासूबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या, तेही पाहिलं. पाच वर्षं ज्या घरात मी माझ्याच सावलीला घाबरून वागले, त्या घरातली दोन माणसं आज सगळ्यांसमोर एवढीशी झाली होती. मला त्यांची दया आली नाही. यायला पाहिजे होती का, कोण जाणे.

बाहेर आलो. ते एकदम मोकळे झाल्यासारखे माझ्याजवळ आले. म्हणे, “झालं ना तुह्या मनासारखं? चल आता, गाडी आणली.” सासूबाईंनी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, माझ्या खांद्यावर टाकलं. चार बायका ओटी भरायला तयारच उभ्या होत्या. सगळं त्यांनी ठरवून आणलं होतं. मी ‘विचार करीन’ म्हटलं होतं, त्यांनी ते ‘येईन’ असं ऐकलं होतं.

मी लुगड्याची घडी केली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

ते म्हणाले, “हे काय?”

मी म्हटलं, “आत्ताच तर तुम्ही माईकवर सांगितलं, मी वेडी नाही म्हणून. वेडी असती तं आली असती.”

बायका हसल्या, मग हसू दाबलं. मी त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. भावानं जीप दारापर्यंत आणली होती, त्यात जाऊन बसली. फारकतीचं वकिलाकडून होईल तसं होईल.

जीपनं कामठी ओलांडली. मग आई म्हणाली, “भूक लागली का वं?”

मी म्हटलं, “लागली.”

रस्त्यावर एक टपरी दिसली. भावानं गाडी थांबवली. आम्ही चौघांनी गरम भजी खाल्ली, उभ्या उभ्याच.

काजल